दोन रिंगांनंतर आपोआप

३ मार्च, मंगळवार

हिला आज पोलिसाने धरलं. गाडी चालवताना फोन कानाला. पावती घेऊन वर आली, ती माझ्या टेबलावर कवळीच्या साच्याशेजारी ठेवली आणि म्हणाली, "अहो, फोन तुमचाच होता."

घ्या. गाडी चालवणार ही, फोन उचलणार ही आणि दोष माझा. म्हटलं, "बाजूला घेता येत नव्हती?" तर म्हणे, "बाजूला घेईपर्यंत तीन रिंगा होतात. तीन झाल्या की तुम्ही चिडता."

चिडतो, नाकारत नाही. दातांची लॅब आहे, भाजीचा ठेला नाही. वर बसून कवळ्या, कॅपा, ब्रिज मी करायचे. दवाखान्यांतून मापं आणणं आणि तयार काम पोचवणं, एवढंच हिच्याकडे. तिकडे पेशंट तोंड उघडून बसलेला असतो. काम कुठे अडलंय हे मला कळायला नको? दिवसातून दहा-बारा फोन होत असतील. ह्याला ही "सारखे" म्हणते.

मी गाडी चालवत नाही. लायसन्सची परीक्षा तीनदा दिली. पहिल्या दोन वेळचा परीक्षक खडूस होता आणि तिसऱ्या वेळचा बहुतेक त्याचा मेहुणा. ही पहिल्या फटक्यात पास झाली. तेव्हापासून स्टीअरिंगमागे बसली की हिची मान दोन बोटं लांब होते.

काहीतरी सोय करायला हवी. हिचे हात मोकळे राहतील आणि हिच्याकडे सबब उरणार नाही अशी.

५ मार्च, गुरुवार

गाडीच्या सामानाच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार बोलका निघाला, पण माणूस माहीतगार होता. तीन प्रकार दाखवले.

पहिला कानात घालायचा. हा तिथल्या तिथे बाद. कान हिचा, मनात आलं की काढून पर्समध्ये टाकेल. दुसरा ऊन अडवायची जी फळी असते ना, तिला चिमट्याने लावायचा. छोटा, सुबक. पण तो रोज चार्ज करावा लागतो. "चार्जिंग संपलं होतं" हे वाक्य मला आत्ताच ऐकू यायला लागलं. तोही बाद.

तिसरा पक्का. वायर गाडीच्या आतून नेतात, आरशाजवळ माइक बसवतात, दाराखाली स्पीकर, समोर दोन बटणं: एक फोन बंद करायचं आणि एक आवाज कमीजास्त करायचं. गाडी सुरू झाली की हाही सुरू. आणि ह्याच्यात एक सोय आहे जिच्यासाठी मी दुकानदाराचे पाय धरायचेच बाकी ठेवले. एक खटका दाबून ठेवला की फोन दोन रिंगांनंतर आपोआप उचलला जातो. चालवणाऱ्याने काहीच करायचं नाही. त्याची इच्छा असो वा नसो.

दुकानदार म्हणाला, "चालवणार कोण?"

"मिसेस."

"मग त्यांना आणा ना साहेब. आवाज कसा येतो ते त्यांनी बसून ऐकावं."

"बोलणारा मी आहे. पसंती माझी."

त्याने दाखवायला ठेवलेल्या गाडीत स्वतः बसून मला बाहेरून फोन लावायला सांगितलं. माझ्या फोनवर त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. मागच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. तो म्हणाला, "आता तुम्ही आत बसा, मी बाहेरून बोलतो." म्हटलं, मला कुठे आत बसायचंय? मला हवं ते मी ऐकलं.

घरी येताना मन प्रसन्न होतं. इतक्या वर्षांत हिच्यासाठी इतका वेळ घालवून काही निवडलं नव्हतं.

७ मार्च, शनिवार

यंत्र बसलं. मिस्त्रीने अडीच तास घेतले. हिने पाहिलं, हात फिरवला, म्हणाली, "बरं आहे." दुसरी बाई असती तर नवऱ्याचे आभार मानले असते.

लॅबमधून पहिला फोन लावला. दोन रिंगा आणि खट्. मी काही बोललोच नाही. गप्प ऐकत बसलो. इंजिन, इंडिकेटरची टिकटिक, मग ही स्वतःशी काहीतरी गुणगुणायला लागली. लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली, ही गुणगुणते हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "गाणं म्हणायला गाडी दिलीय का?" जोरात ब्रेक लागल्याचा आवाज आला. हसून हसून माझ्या डोळ्यात पाणी आलं. पॉलिशच्या मोटारीवर बसलेल्या घुम्यालाही सांगितलं. घुम्या आमचा पॉलिशवाला, पन्नाशीचा गडी, दिवसाला चार शब्द बोलतो. आज एकही बोलला नाही.

१० मार्च, मंगळवार

हुशारी सुरू झाली. काल दोनदा फोन मध्येच तुटला. विचारलं तर "रेंज नव्हती". आज माझं बोलणं चालू असताना "काय म्हणालात? ऐकू आलं नाही." मी काय समजायचं ते समजलो. बंद करायचं बटणही दाबते आणि आवाजही कमी करते.

संध्याकाळी ही वर गेल्यावर खाली गाडीत गेलो. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, पूर्ण. मग लॅबमधलं कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक घेतलं, पावडरमध्ये लिक्विड कालवलं आणि दोन्ही बटणांवर थापलं. दहा मिनिटांत दगड. कडा घासून, पॉलिश करून दिल्या, हिरडीसारखी गोलाई आणली. काम करायचं तर नीट करायचं. माझ्याकडून गेलेली केस कधी दुरुस्तीला परत येत नाही, हे सगळे डॉक्टर सांगतील.

ही सकाळी पाहीलच. पाहू दे. हातोडा मारल्याशिवाय ते निघायचं नाही आणि हिचा हात काही हातोड्याचा नाही.

११ मार्च, बुधवार

ही जेवताना म्हणाली, "अहो, ते फार मोठ्याने वाजतं. काचा खाली असल्या की..."

म्हटलं, "तुला ऐकू येत नाही म्हणून तर मोठं केलं. आता ऐकू येतं का?"

"येतं."

"मग झालं तर."

गाडीचा एसी महिनाभर बंद आहे. तो दुरुस्त करा म्हणून हिने पुन्हा टुमणं लावलं. काचा उघडा, वारा येतो, तेवढं पुरे आहे. चैनीला गाडी नाही.

१६ मार्च, सोमवार

सासूबाई. हा विषय वहीत आणणार नव्हतो, पण आणावा लागतोय.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मशिनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. मुलगा परदेशात, फोनवर मात्र रडतो छान. राहतात एकट्या, आपल्या दोन खोल्यांत. ही मला म्हणाली, "हॉस्पिटल माझ्या वाटेवरच आहे. जाता-येता आईला सोडीन, आणीन. तुमच्या कामाला धक्का लागणार नाही." मी स्पष्ट सांगितलं की ती लॅबची गाडी आहे, रुग्णवाहिका नाही. भाड्याची गाडी करू दे. हिने मान हलवली. हिची मान हलते तेव्हा मी निर्धास्त असतो.

त्यांची कवळीही मीच केली होती, मागच्या वर्षी. तेव्हापासून टोचते टोचते चाललंय. आज पुन्हा निरोप आला, उजवीकडे खाली टोचते, जरा घासून द्याल का. मी हिला म्हटलं, "तोंड मिटून बसायला सांग, टोचणार नाही."

घासायला पाच मिनिटं लागली असती. पण एकदा ऐकलं की रोजचं होतं.

१९ मार्च, गुरुवार

एक चमत्कारिक गोष्ट घडली.

आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरीणबाई. निम्मं काम त्यांचं. आज सकाळी त्यांनी एक कॅप परत केली, रंग जुळत नाही म्हणून. माझी केस परत! दुपारी हिला फोन लावला. ही त्यांच्या दवाखान्याच्या दारात पोचली होती. मी मनातलं सगळं काढलं. म्हटलं, "ती बाई डॉक्टर झाली कशी कळत नाही. दातातलं हिला काय कळतं? नवऱ्याने सोडलेल्या बायकांचं असंच असतं, राग कुठेतरी काढायचा असतो. तिला गोड बोल, कॅप घे आणि निघ." ही नुसती "हो" म्हणाली, तेही उशिरा.

पाचच मिनिटांनी खुद्द डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज बर्फ. म्हणाल्या, "यापुढे रंगाचं तुमच्या मिसेसच ठरवतील. मला दातातलं जे काही थोडंफार कळतं ते मी त्यांनाच सांगत जाईन."

माझेच शब्द! अगदी तेच! पाच मिनिटांत! म्हणजे ही आत गेली आणि माझ्या तोंडचं जसंच्या तसं चुगलून आली. संध्याकाळी हिला उभं करून विचारलं. म्हणाली, "मी काही सांगितलं नाही. त्या गाडीशी उभ्या होत्या." गाडीशी उभ्या असतील नाहीतर झाडावर बसल्या असतील, सांगितल्याशिवाय कळलं कसं? चोराच्या उलट्या बोंबा.

शिक्षा म्हणून दोन दिवस गाडीची किल्ली माझ्याकडे. काम घुम्या बसने पोचवेल. हिने फक्त एवढंच विचारलं, "उद्या शुक्रवार आहे. शुक्रवारी तरी द्याल?" कशाला, ते विचारलं तर गप्प. दिली नाही.

रंग ओळखण्यात, आणि मेणात दात बसवण्यातही, हिचा हात धरणारं कुणी नाही, हे वहीत लिहायला हरकत नाही. दातांच्या रंगांची पट्टी मी उजेडाकडे धरून बसतो आणि ही लांबून सांगते. हिच्यासमोर मी हे कधी बोललेलो नाही. बोललं की डोक्यावर बसतात.

२४ मार्च, मंगळवार

आज डोकं फिरलं होतं. दुपारी फोन लावला. दोन रिंगा, खट्.

"कुठे आहेस?"

"खालीच आहे. घुम्यादादा कॅपांचे डबे घेऊन येतायत, थांबलेय."

खाली म्हणजे आमच्याच इमारतीखाली, शिंप्याच्या दुकानासमोर. लॅबच्या खिडक्या आम्ही धुळीपायी बंदच ठेवतो आणि पॉलिशच्या मोटारी चालू असतात, त्यामुळे गाडी आली-गेलेली वर कळत नाही. मी म्हटलं, बरं झालं, सापडली. मेहुण्याचा मेसेज आला होता, 'आईकडे लक्ष द्या.' ते सगळं हिच्यावर काढलं. म्हटलं, "तुझ्या भावाला सांग, तिकडे बसून हुकूम सोडू नकोस. आणि तुझ्या आईलाही सांग, मशिनवर धुऊन जुनं कापड नवं होत नाही. किती ओढणार अजून? आठवड्यातून दोन दिवस सगळं घर त्या बाईच्या मूत्रपिंडावर चाललंय. एकदाची सुटली तर तीही सुटेल, तूही सुटशील आणि मीही."

ही म्हणाली, "अहो, आत्ता नको. फोन ठेवा ना."

"का? कुणी आहे का गाडीत?"

ह्यावर काही नाही. मग, "ठेवा ना. पाया पडते तुमच्या."

म्हटलं, "पाया पडायला स्टीअरिंग सोडावं लागेल." हा विनोद मला बरा सुचला.

आणखी थोडं बोललो, त्या बाईचं जगणं म्हणजे कसं दुसऱ्याच्या ताटातलं खाणं आहे वगैरे. तेवढ्यात खोकला ऐकू आला, खोल, ओला. हिला सर्दी झालेली दिसते. आणि मग एका पुरुषाचा आवाज, "घ्या, पाणी घ्या थोडं." तो शिंप्याचा आवाज, मी ओळखतो. दुसऱ्याच्या बायकोला पाणी द्यायची भारी हौस ह्याला. वर आल्यावर विचारलं, "शिंप्याकडचं पाणी गोड लागतं का?" हिने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मीच नजर काढून कवळीला दात लावायला घेतले.

२७ मार्च, शुक्रवार

सासूबाई आज मशिनवर गेल्याच नाहीत. ही न्यायला गेली तर (म्हणजे न्यायला जाते! लपवून!) दार उघडलं नाही म्हणे. आतूनच म्हणाल्या, "पुरे झालं बाळ. सगळ्यांना मोकळं करते."

ही दाराबाहेर दोन तास बसली. दोन कॅपा उशिरा पोचल्या.

खरं सांगायचं तर मला बाईंचं कौतुक वाटलं. ह्या वयात एवढा स्वच्छ विचार सुचणं सोपं नाही. नेमकं जे मी मनात म्हणत होतो तेच त्यांना आपणहून सुचलं.

३१ मार्च, मंगळवार

आजही गेल्या नाहीत. डॉक्टर घरी येऊन समजावून गेले, मेहुणा फोनवर रडला, ही पाया पडली. बाई हसतात म्हणे. हट्टीपणा हा त्या घरात रक्तातच आहे.

हिने मला विचारलं, "तुम्ही एकदा याल? 'चला, नको म्हणू नका' एवढंच सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

माझं? मी म्हटलं, "माझा काय संबंध? मी त्यांना कधी उलट शब्द बोललोय का? तोंडावर तर कधीच नाही."

ही म्हणाली, "नाही. तोंडावर नाही."

७ एप्रिल, मंगळवार

काल पहाटे सासूबाई गेल्या. शांतपणे गेल्या असं ही म्हणत नाही. श्वास लागला होता, पाय सुजले होते. मी तिथे गेलो, दोन तास उभा राहिलो, चार माणसांशी बोललो. मेहुण्याला तिकीट मिळालं नाही.

हिने रडायला हवं होतं. माणसाने अशा वेळी रडावं, हलकं वाटतं. ही आईच्या उशाशी बसून तिची कवळी धूत होती. कापसाने, एकेक दात. मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाली, "केस आहे माझ्याकडे एक."

डोक्यावर परिणाम झाला असावा. होतो थोडे दिवस.

१३ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंचं एकही काम आलं नाही. बाकीच्या दोघांचंही कमी झालंय. एका तरुण डॉक्टरला फोन करून विचारलं, काम वाईट आहे का? म्हणाला, "नाही हो काका, काम उत्तमच असतं तुमचं." मग म्हणाला, "आमच्या पार्किंगमध्ये आवाज फार घुमतो, एवढंच." पार्किंगचा माझ्या कॅपांशी काय संबंध, कळलं नाही. हल्लीची पोरं धड बोलतच नाहीत.

गाडीत फोन लावला तर दोन रिंगांनंतर उचलला जातो, पण आत नुसता वारा. हाक मारली तर "हं". नवीन यंत्र असून काही उपयोग नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

ही गेली.

भांडण नाही, काही नाही. सकाळी लॅबमध्ये आली, आपली मेणाची सुरी, छोटा दिवा आणि रंगांची पट्टी पिशवीत भरली. मी म्हटलं, "पट्टी लॅबची आहे." तिने पट्टी काढून ठेवली. नाहीतरी तिला ती लागत नाही.

"डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातच लॅब काढलीय. मी उद्यापासून तिकडे. घुम्यादादाही येतायत."

घुम्या मोटार बंद करून उभा राहिला. मी म्हटलं, "तुला जीभ आहे का रे? काही बोल." तो म्हणाला, "तुमची ऐकली तेवढी पुरली." चार शब्द. दिवसाचा कोटा.

मी हिला विचारलं, "आणि गाडी? काम कोण पोचवणार?"

"किल्ली टेबलावर आहे," ही म्हणाली. "तुम्ही चालवा."

हे मुद्दाम होतं. हे मनाला लागावं म्हणूनच होतं. आणि लागलं.

२० एप्रिल, सोमवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की घडलं नाही.

उरलेल्या दोन डॉक्टरांचं काम पोचवायला ड्रायव्हर ठेवला. चाळिशीचा, व्यवस्थित माणूस. त्याचा फोन यंत्राला जोडून दिला, सांगितलं, मी फोन करीन, काही दाबायचं नाही, उचलला जाईल. तो खाली गेला. घुम्या नाही, मोटारी बंद, लॅबमध्ये चिटपाखरू नाही. उकडत होतं. आणि नवा माणूस गाडी कशी काढतो ते पाहायला मी खिडकी उघडली. कितीतरी वर्षांनी उघडली असेल, चौकटीतून प्लास्टरचा भुगा पडला.

फोन लावला. दोन रिंगा, खट्.

मी म्हटलं, "ऐक. हळू घे. डबे सांडले तर तुझे दात काढून त्यात भरीन."

आणि हे मी ऐकलं. फोनमधून नाही, खालून. खालच्या गाडीतून, चारही काचांतून, माझा आवाज रस्त्यावर आला. चांगला दोन मजले चढून खिडकीत आला. जाडा, फाटका, आनंदी. त्या आवाजाला मजा येत होती. मी कधी असा बोलतो असं मला वाटलं नव्हतं.

रस्त्यावर दोन अनोळखी बायका दचकून थांबल्या. पण समोरच्या शिंप्याने मान वर केली नाही. किल्लीवाल्याने केली नाही. कोपऱ्यावर चहा पीत उभ्या असलेल्या तिघांतल्या एकाने दुसऱ्याला नुसतं डोळ्याने खुणावलं. त्यांना सवय होती.

ड्रायव्हर गाडीतून उतरला. वर माझ्याकडे पाहिलं, किल्ली टपावर ठेवली आणि चालत निघून गेला.

मी खाली गेलो. शिंपी कापत होता. त्याला म्हटलं, "हा आवाज... असाच यायचा?"

"रोज," तो म्हणाला. कात्री थांबवली नाही. "त्या बिचाऱ्या पटापट काचा वर करायच्या. पण एसी नाही, आत माणूस किती वेळ बसणार? आणि बटणावर काहीतरी थापलेलं. एकदा नखाने खरवडत होत्या, नख उपटलं. मी पट्टी बांधून दिली."

मी गाडीतल्या गुलाबी बटणांकडे पाहिलं.

"त्या दिवशी तर काचा वर करून काय उपयोग होता?" शिंपी म्हणाला. "आजी आतच होत्या. मागच्या सीटवर, आडव्या. मशिनवरून आणल्या होत्या. तुम्ही बोलत होतात आणि ह्या दोन्ही हातांनी स्पीकर दाबून धरत होत्या. हाताने आवाज थांबतो होय? आजींना ठसका लागला म्हणून मी पाणी दिलं."

वर येऊन वहीची मागची पानं काढली. २४ मार्च. माझ्याच अक्षरात सगळं आहे. खोकला आहे. पाणी आहे. पाया पडायचा विनोदही आहे, आणि तो बरा सुचला असंही लिहिलेलं आहे.

२१ एप्रिल, मंगळवार

सकाळी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून डबा आला. नेहमीचा, प्लास्टिकचा, ज्यात आम्ही काम पाठवतो तसला. मला वाटलं काम आलं. खरंच वाटलं, आणि आनंदही झाला, लपवत नाही.

आत सासूबाईंची कवळी होती. धुतलेली, स्वच्छ. सोबत आमच्या पद्धतीची चिठ्ठी, हिच्या अक्षरात. पेशंट: आई. तक्रार: उजवीकडे खाली टोचते. शेरा: केस परत.

बोटाने पाहिलं. उजवीकडे खाली एक कंगोरा होता, तांदळाच्या कणीएवढा. मशीन लावून घासला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग तेच मशीन घेऊन खाली गेलो, लांब वायर लावून. गाडीतलं गुलाबी अ‍ॅक्रिलिक कोरायला घेतलं. त्यावर नखाचे ओरखडे होते, बारीक, बरेच. मी कोरत गेलो आणि त्याबरोबर आवाजाचं बटणच तुटून हातात आलं. आता तो कमी होणार नाही. माझं काम पक्कं असतं.

वर येऊन हिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं की मला माहीत नव्हतं. मी विचारलं होतं, कुणी आहे का गाडीत, आणि तू बोलली नाहीस, म्हणजे थोडा दोष तुझाही. असं काहीसं.

एका रिंगेत उचलला. मागे मोटारीचा आवाज होता, घुम्याची असावी. भांडी लावल्यासारखे डब्यांचे आवाज, कुणीतरी बाई हसत होती.

"बोला," ही म्हणाली. "हात कामात आहेत, स्पीकर लावलाय. सगळे आहेत इथे."

मागची मोटार बंद झाली. हसणं थांबलं. ते सगळे माझ्यासाठी थांबले होते.

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. हिच्याशी बोलायचं, आणि चार माणसांना ऐकू जाईल असं बोलायचं, तर सत्तावीस वर्षांत जमवलेलं एकही वाक्य कामाचं निघेना.

"बोला ना," ही म्हणाली. "ऐकू येतंय."

फोन मीच ठेवला.